क्रयपत्र म्हणजे गहाणखत नव्हे

गेल्या पावसाळ्यात निपाणीहून मावशीने दोन कागदांचे फोटो पाठवले. एक दारावर चिकटवलेली फायनान्स कंपनीची नोटीस, इंग्रजीत. दुसरा कन्नड कागद. मागोमाग तिचा आवाज: "काय लिवलंय बघ की, बाळा. एकजण म्हणतोय, साठ हजार दे, ह्या कागदावर सही कर, घर सोडवून देतो."

मावशीचा जन्म तंबाखूच्या वखारीत काम करण्यात गेला. मराठी वाचते, कन्नड बाजारापुरतं बोलते, लिपी येत नाही. त्या माणसाने तिला कागद 'अडमान' म्हणजे गहाणाचा आहे असं सांगितलं होतं. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी मथळा वाचला: 'शुद्ध क्रयपत्र'. म्हणजे सरळ खरेदीखत. पैसे फेडलेस की घर परत लिहून देतो, हे वचन नुसतं तोंडी.

ही युक्ती जुनी आहे. मुदतखरेदीच्या नावाखाली किती घरं, किती जमिनी गेल्या! म्हणूनच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये 1929 साली दुरुस्ती झाली: परतीची अट त्याच दस्तात असेल तरच तो व्यवहार गहाण. वेगळ्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या वचनाने खरेदीखताचं गहाणखत होत नाही.

वाचल्याशिवाय सही करू नये, असं आपण इथे अमेरिकेत बसून सहज म्हणतो. पण वाचायचं कोणत्या भाषेत? 1956 पासून सीमाभागातला मराठी माणूस पाट्यांसाठी, शाळांसाठी भांडतो आहे आणि त्याचं भांडण खरं आहे. तितक्याच त्वेषाने आपण घराच्या कागदासाठी भांडलेलो नाही, हे मला बोचतं. बेळगाव-निपाणीत नोटीस वाचून दाखवणाराच घराचा मालक होऊन बसतो.

खरं तर हक्क आहेत. फायनान्स कंपनीने कर्जदाराशी स्थानिक किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत व्यवहार करावा, असं रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता सांगते. घराचा ताबा घेतल्याची नोटीस ज्या दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यांतलं एक त्या भागात पुरेसं खपणारं स्थानिक भाषेचं असावं लागतं. बेळगावात ते मराठी का असू नये? कर्ज थकल्यास तारणाचा ताबा घेऊ देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यात पहिल्या नोटिशीनंतर 60 दिवस मिळतात. त्या काळात लेखी हरकत घेता येते आणि ती फेटाळली तर 15 दिवसांत कारणं कळवावी लागतात. या हरकतीला मध्यस्थ लागत नाही. शेतजमिनीला तर हा कायदा लागूच नाही. मावशीला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

कर्नाटक सरकारने 12 फेब्रुवारी 2025 ला छोट्या कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. 10 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड. ते फार गरजेचं होतं. पण त्याचा रोख दमदाटी करणाऱ्या वसुलीवाल्यावर आहे. मदतीला आलोय म्हणत ओसरीवर चहा पिणाऱ्यासाठी वेगळा नियम हवा, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2008 च्या मंदीत अमेरिकेत घर वाचवून देणाऱ्यांचं असंच पेव फुटलं. 2010 साली इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: कर्ज देणाऱ्याकडून सवलतीचा लेखी प्रस्ताव आणून दाखवा, घरमालकाने तो स्वीकारू द्या, मगच फी घ्या. आगाऊ एक डॉलरही नाही. हाच नियम कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही व्हायला हवा. तो होईपर्यंत आपल्या माणसांनी तो घरोघरी पाळावा.

आपल्या इथल्या मराठी मंडळात बेळगाव-धारवाडकडे शाळेत कन्नड शिकलेली माणसं आहेत, वकील आहेत. गावाकडून आलेल्या कागदाचा फोटो दोन दिवसांत मराठीत सांगायचा, एवढं काम त्यांनी अंगावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गणपतीच्या वर्गणीतून यासाठी एक पैसाही लागणार नाही.

मावशीने सही केली नाही. तिची हरकत रजिस्टर पोस्टाने गेली, मराठीत, तिच्याच अक्षरात. कंपनीचं उत्तर इंग्रजीत आलं. पण हप्ते पुन्हा बांधून देण्यासाठी तिला शाखेत बोलावलं होतं.