घरचा हिशेब : दवाखान्याच्या पाटीबरोबर घ्यायची पॉलिसी

आपल्या समाजात आता घरोघरी डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए तयार होत आहेत, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. मुलीने बीयूएमएस किंवा एमबीबीएस पूर्ण केले की घरातली सगळी मंडळी दवाखान्याच्या जागेमागे लागतात. आईच्या बांगड्या गहाण पडतात, अब्बांच्या फंडातले पैसे निघतात, फर्निचर येते, पाटी लागते. दुकानाला आगीचा विमा, गाडीला गाडीचा विमा हेही आठवणीने होते. पण ज्या कामासाठी ही सगळी धडपड केली, त्या कामातच काही चूक झाली तर भरपाई कुठून द्यायची, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. या महिन्यात आम्ही त्याच प्रश्नाचा हिशेब मांडणार आहोत.

या विम्याला व्यावसायिक दायित्व विमा म्हणतात. एजंटकडे ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ म्हटले की तो ओळखतो. आपल्या कामातील हलगर्जीपणामुळे, चुकीमुळे किंवा काही करायचे राहून गेल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले आणि त्याने भरपाई मागितली, तर ती रक्कम आणि कोर्टकचेरीचा खर्च विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. दवाखान्यात पेशंट पाय घसरून पडला तर तो वेगळा विषय, त्यासाठी सार्वजनिक दायित्व विमा असतो. इथे प्रश्न आपल्या ज्ञानाचा आणि सल्ल्याचा आहे.

‘आमच्यावर कोण केस करणार?’ असे अनेकांना वाटते. पण हा विषय आपल्याकडे नवा नाही. 1953 साली कोकणातल्या एका डॉक्टरांच्या वीस वर्षांच्या मुलाचा पाय अपघातात मोडला. त्याला पुण्याला नेले, तिथे उपचारादरम्यान तो दगावला. वडिलांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1968 मध्ये 3,000 रुपयांची भरपाई कायम झाली. रुग्ण हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असे न्यायालयाने तेव्हाच सांगितले. पुढे 1995 मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली आणि रुग्णाला ग्राहक मंचाचा दरवाजा उघडला. 2013 मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्याज सोडून सुमारे 6 कोटी रुपयांची भरपाई ठरवली. त्यातला मोठा वाटा रुग्णालयावर पडला, तरी दोन डॉक्टरांना प्रत्येकी 10 लाख द्यावे लागले. नव्याने पाटी लावलेल्या घरात 10 लाख म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

आता प्रकार पाहू. डॉक्टरांसाठी वैयक्तिक पॉलिसी असते आणि रुग्णालयासाठी वेगळी. रुग्णालयात नोकरी करणारी मुलगी ‘हॉस्पिटलचा विमा आहे ना’ म्हणून निर्धास्त राहते. पण बाहेरून व्हिजिटला येणारे डॉक्टर त्या पॉलिसीत नसतात असे पुष्कळदा होते, म्हणून आपले नाव आहे का ते कागदावरच बघावे. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांच्या पॉलिसीत चुकीचा नकाशा, चुकीचे डिझाइन, देखरेखीतली कसूर येते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत दोष निघाला तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी रेरा कायद्याने बिल्डरवर टाकली आहे, आणि बिल्डर मग डिझाइन करणाऱ्याकडे बोट दाखवतो. सीए आणि करसल्लागारांसाठी चुकीचे विवरणपत्र, चुकलेली मुदत असे धोके असतात. वकिलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये सांगितले की त्यांची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही. पण दिवाणी दाव्याचा रस्ता अशिलाला मोकळाच आहे. सॉफ्टवेअर किंवा सल्लासेवा देणाऱ्यांसाठी ‘एरर्स अँड ओमिशन्स’ नावाची पॉलिसी मिळते. कंपनीचे संचालक असाल तर त्यांच्या निर्णयांसाठीचा विमा वेगळा असतो आणि ग्राहकांची माहिती चोरीला गेली तर सायबर विमा वेगळा.

प्रकार कोणताही घ्या, सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो तारखांचा. गाडीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू असली की पुरते. इथे तसे नाही. इथे दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि चूक ज्या दिवशी झाली तो दिवस पॉलिसीवरच्या पूर्वलक्षी तारखेनंतरचा असावा लागतो. समजा, डॉक्टर मुलीने जुलै 2022 मध्ये पॉलिसी घेतली. मार्च 2024 मध्ये एक प्रसूती केली. जुलै 2025 मध्ये लग्न ठरले, गाव बदलले, हप्ता राहून गेला. नोव्हेंबर 2025 मध्ये नोटीस आली. प्रसूती झाली तेव्हा पॉलिसी होती, तरीही विमा कंपनी पैसे देणार नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे नोटीस उशिराच येते हे धरून चालावे. डिसेंबरात तिने नवी पॉलिसी घेतली तरी पूर्वलक्षी तारीख नव्याने लागेल आणि मागचे सगळे काम उघडे पडेल. म्हणून या विम्यात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये. लग्न, बाळंतपण, परदेश किंवा निवृत्ती, कारण काहीही असो, व्यवसाय थांबवला तरी मागच्या कामासाठी किती काळ संरक्षण मिळेल हे कंपनीला लेखी विचारावे.

दुसरा मुद्दा मर्यादेचा. पॉलिसीवर 40 लाख लिहिलेले असते, पण शेजारी 1:4 असेही लिहिलेले असते. त्याचा अर्थ वर्षभरात सगळे मिळून 40 लाख आणि एका प्रकरणाला फक्त 10 लाख. 1:1 असेल तर एकाच प्रकरणाला पूर्ण 40 लाख मिळू शकतात. वकिलाची फीसुद्धा बहुधा याच रकमेतून जाते, आणि सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्या खिशातून भरावी लागते. स्वस्त हप्ता दिसला की हे दोन आकडे आधी बघा.

तिसरा मुद्दा कशाला पैसे मिळत नाहीत याचा. फौजदारी गुन्हा, जाणूनबुजून केलेले कृत्य, नशेत दिलेली सेवा आणि सरकारी दंड यांत विमा मदत करत नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आणि वजन घटवण्याचे उपचार बहुतेक साध्या पॉलिसींत वगळलेले असतात. आपल्या वाचकांसाठी त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या पदवीच्या आणि परवानगीच्या बाहेरचे काम. मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला, आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 3 लाखांची भरपाई द्यायला लावली. युनानी, आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेल्यांनी फॉर्म भरताना आपण नेमके काय करतो, कोणती औषधे देतो, कंपाउंडर सुई देतो का, हे खरे खरे लिहावे. फॉर्ममध्ये लपवलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या दिवशी बाहेर येते.

नोटीस आलीच तर घाबरून पेशंटच्या घरी पैसे घेऊन जाऊ नये. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल केली किंवा तडजोड केली, तर पॉलिसीचा आधार जाऊ शकतो. त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे. केसपेपरमध्ये मागाहून एक अक्षरही घालू नये. रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे आणि मागितल्यावर 72 तासांत देणे हा वैद्यकीय परिषदेचा नियमच आहे. माणुसकीने विचारपूस करायला मात्र कोणताही विमा मनाई करत नाही.

विमा जायज आहे का, असा प्रश्न या विषयावर येतोच. 1985 मध्ये जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्याचा विमा मान्य केला. तशा तकाफुल कंपन्या आखाती देशांत आणि मलेशियात आहेत, आपल्याकडे ती सोय नाही. दुसरीकडे, संयुक्त अरब अमिरातीत डॉक्टर-नर्सना हा विमा कायद्यानेच घ्यावा लागतो, त्यामुळे रत्नागिरी-रायगडहून तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांपुढे पर्यायच नसतो. इथे काय करावे, हे आपण ज्यांना मानता त्या आलिमांना विचारावे. विचारताना ‘माझ्या फायद्यासाठी’ एवढेच न सांगता, माझ्या चुकीने ज्याचे नुकसान झाले त्याचा हक मी कसा फेडणार, हेही पुढे ठेवावे. विमा नको असे ठरले, तर दरमहा बाजूला रक्कम टाकून वेगळा निधी उभारणे हे तरी घरात ठरले पाहिजे. काहीच न ठरवणे हा त्यातला सर्वांत महागडा मार्ग.

विम्यामुळे हात जपून चालत नाही, तो अभ्यासाने आणि सवयीनेच चालतो. पण जपूनही कधीतरी चूक होते. तेव्हा समोरच्याला त्याची भरपाई मिळावी आणि आईच्या बांगड्या पुन्हा सोनाराकडे जाऊ नयेत, एवढ्यासाठी या महिन्यात कपाटातली पॉलिसी काढून तीन गोष्टी तपासा : पूर्वलक्षी तारीख, एका प्रकरणाची मर्यादा आणि नूतनीकरणाचा दिवस. पॉलिसी नसेल तर निर्णय घ्या, आणि तो पुढच्या पेशंटच्या आधी घ्या.