शंभर वर्षांच्या आगीवर केस कोणी केली?



मोहफुलाच्या दिवसात वणवा लागला की वनखातं आधी आपल्यावर बोट दाखवतं. अन् झारखंडात धनबादजवळ झरियाला जमिनीखाली 1916 पासून कोळसा जळतोय. इंग्रज गेले, खाजगी मालक गेले, 1972 साली खाणी सरकारी झाल्या. आग तिथंच आहे.

तिथं कोणी काडी लावायची गरज नव्हती. कोळशाला हवा लागली की तो आपोआप तापतो अन् पेटतो. मालकांनी आतून कोळसा काढला, पण पोकळीत वाळू धड भरली नाही. वाळूला पैसा लागतो ना! पुढं उघड्या खाणी खोदताना जुने बोगदे उघडे पडले, आगीला आणखी हवा मिळाली.

साहेब लोक म्हणतात, आग सापडणं अवघड आहे. खरं आहे. धूर एकीकडे निघतो, आग दुसरीकडं असते. बोअर मारून आतली गरमी अन् वायू मोजावा लागतो, उपग्रहाच्या फोटोत तापलेली जमीन पाहावी लागते. तोवर आग पुढं सरकते. विझवायचं तर भेगा मातीनं बुजवा, वाळू-पाणी सोडा, नायट्रोजन सोडा, नाहीतर चर खोदून पेटलेला कोळसा तोडा. कुठून हवा शिरली की पुन्हा पेटते. पण हे काम एवढं अवघड केलं कोणी? तिथल्या लोकांनी तर नाही!

अन् हलायचं कोणी? लोकांनीच. 2009 च्या मास्टर प्लॅनमध्ये हजारो घरं उठवायचं ठरलं. तिथंही दोन भाग केले: कागदवाले अन् बिनकागदाचे. बिनकागदाचा तो अतिक्रमणवाला. हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

कोळसा आपल्या चंद्रपूर-वणीकडंही आहे. कंपनीवाले गावात येतील, ‘खड्डा बुजवून जमीन परत देऊ’ म्हणतील. तेव्हा ग्रामसभेत ठराव लिहा:

1. वनहक्काचे दावे निकाली निघेपर्यंत कोणी उठणार नाही. 2006 च्या कायद्यातच तसं आहे.
2. खाणीतली पोकळी बुजवल्याचा हिशोब ग्रामसभेला दाखवा.
3. आग लागली तर विझवायचा खर्च कोण करेल, ते आधी लेखी द्या.

लेखी नाही, तर सही नाही, अंगठाही नाही.

आपली बाई रानात चूल पेटवते, तर निघताना निखाऱ्यावर माती टाकून निघते. एवढं ज्याला जमत नाही, त्याच्या हाती जंगल द्यायचं काहून?

जल, जंगल, जमीन आमची!