मत म्हणजे उसनवारी नव्हे!

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक गृहस्थ फराळाला आले होते. मूळचे आमच्याच तळकोकणातले, पण उभा जन्म मुंबईत काढलेले. तोंडात कडबोळे होते तोवर ठीक होते, ते संपताच त्यांनी निकाल देऊन टाकला, "आपली कोकणची माणसे कृतघ्न! ज्या मधु दंडवत्यांनी रेल्वे आणली, त्यांनाच राजापूरकरांनी १९९१ साली घरी बसवले!" ताटाभोवतीच्या सगळ्या माना डोलल्या. हा आरोप मी इतकी वर्षे सभ्य, सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकत आलो आहे. आज त्याचा समाचार घेतो.

राजापूर लोकसभा मतदारसंघ आता उरला नाही. २००८ च्या पुनर्रचनेत त्याचे नाव पुसले गेले. गेलेल्यावर आरोप करणे सोपे असते, तो उठून उत्तर देत नाही. म्हणून आपणच त्याची खातेवही उघडू.

१९५७ साली इथून बॅ. नाथ पै निवडून आले. ती संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. लाटेत कोणीही तरतो, असे म्हणा हवे तर. पण १९६२ साली लाट ओसरली होती, महाराष्ट्र राज्य येऊन दोन वर्षे झाली होती आणि राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसच्या झोळीत पडल्या. तेव्हाही राजापूरने प्रजासमाजवादी नाथ पैंनाच दिल्लीला धाडले. १९६७ साली पुन्हा तेच. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पैंचे निधन झाले. लगोलग निवडणूक आली. इंदिराबाईंच्या झंझावातात प्रजासमाजवादी पक्षाला सबंध देशात दोन जागा मिळाल्या. त्यातली एक राजापूरची! उमेदवार होते प्रा. मधु दंडवते. जन्म नगरचा, धंदा मुंबईत पदार्थविज्ञान शिकवण्याचा. कोकणाने त्यांना पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ साली निवडून दिले. १९८४ साली तर जनता पक्षाचे देशभरात अवघे दहा खासदार आले, आणि त्यात आमचे दंडवते होते.

आठ निवडणुका! आणि या आठ निवडणुकांतून मतदाराच्या पदरात काय पडले? घरोघर पोस्टमनची वाट पाहिली जात होती. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, आणि मतदानाच्या रांगेत बायका. विरोधी बाकावरचा खासदार गावात रस्ता आणत नाही, हे त्या बायकांना कोणी शिकवायला नको होते. गोलकनाथ खटल्याचा निकाल लागल्यावर, मूलभूत हक्कांसह सर्व घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार ठामपणे मांडणारे खासगी विधेयक नाथ पैंनी १९६७ साली आणले. त्या विधेयकाने वेंगुर्ल्याच्या एकाही विहिरीला पाणी लागले नाही! दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात गेले, १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, आणि दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर गादी आणली. ती साऱ्या देशाच्या पाठीखाली आली. राजापूरच्या हद्दीत तेव्हा रेल्वेच नव्हती! स्वतःच्या दारी न येणाऱ्या गाडीची गादी देशाला देणारा हा मतदार. त्याला तुम्ही कृतघ्न म्हणता?

आता १९९१ कडे वळू. दंडवते १९८९ साली अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, आणि १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले. हे श्रेय त्यांचे आहे. ते नाकारणाऱ्याशी मला बोलायचेही नाही. पुढल्याच वर्षी काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले आणि दंडवते पडले. निवड चुकली, असे माझेही मत आहे. पण चूक निराळी आणि कृतघ्नता निराळी! कृतघ्न तो, जो घेतलेले विसरतो. मतदाराने घेतले काय होते? रुळांवरून गाडी धावायची होती; सबंध मार्ग खुला व्हायला १९९८ चा २६ जानेवारी उजाडला. आणि समजा, त्याच वर्षी गाडी दाराशी शिटी वाजवत आली असती, तरी काय? खासदाराने केलेले काम हे कर्तव्य असते. कर्तव्याला कर्ज म्हणायचे आणि मताला त्याची परतफेड म्हणायचे, हा हिशेब कुठल्या सावकाराच्या चोपडीतला?

माझ्या चुलतीने आठही वेळा आणि नवव्यांदाही याच माणसांना मत दिले. शेजारीण उलट गेली, म्हणून कोणी तिला नावे ठेवू लागले, तेव्हा काकी पदर खोचून म्हणाली, "मतच दिल्यान मा, घर गहाण टाकूक नाय!" मला वाटते, या एका वाक्यात लोकशाहीचे सगळे शास्त्र आले.

आणि वाचकहो, सज्जनांच्या या हळहळीत धोका आहे तो हाच. आज तुम्ही म्हणता, रेल्वे आणणाऱ्याचे मत देणे लागते. उद्या दुसरा म्हणेल, मी नळ दिला, तिसरा म्हणेल, मी देवळाचा सभामंडप बांधला, चौथा तर आदल्या रात्रीच पाकीट पोचवील. तत्त्व एकच, फक्त रक्कम लहान होत जाते. दंडवत्यांसारख्या निःस्पृह माणसाचे नाव या सावकारीला लावणे, हीच खरी कृतघ्नता!

त्यानंतर १९९६ पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू इथून गेले, आणि मग मतदारसंघच गेला. रत्नागिरी आणि राजापूर मिळून एक जागा उरली. कशामुळे? जागा लोकसंख्येवर वाटल्या जातात, आणि कोकणची माणसे तर मुंबईत! २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या चक्क घटली. गाव सोडून गेलो आपण, मताचे वजन घेऊन गेलो आपण, आणि मागे राहिलेल्यांना कृतघ्न म्हणतो तेही आपणच!

फराळाच्या त्या गृहस्थांना मी शेवटी एवढेच विचारले, "१९९१ साली आपण मत कुठे दिलेत?"

ते म्हणाले, "दादरला. म्हणजे, यादीत नाव होते. पण त्या दिवशी जमले नाही."

मी त्यांच्या ताटात आणखी एक कडबोळे वाढले.