शेतकऱ्याची बंदूक व घरीं भरलेलें काडतूस

पिकाच्या राखणीकरितां ज्यांच्याजवळ परवान्याची बंदूक आहे, अशा शेतकरी बंधूंमध्यें एक प्रश्न वारंवार निघतो. उडालेल्या काडतुसाची पुंगळी फेंकून देण्याऐवजी तींत नवी टोपी, दारू व छरे घालून ती पुन्हां कां वापरूं नये? बाजारांतील काडतूस महाग, तें विकणारा परवानेदार दुकानदार दूर शहरांत, आणि रानडुकरांचा कळप तर रोज रात्रीं भुईमुगांत उतरलेला. तेव्हां हा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. तथापि आमचें मत स्पष्ट आहे. काडतूस घरीं भरण्यांत काटकसर नाहीं. मात्र कोणत्या कामास कोणतें काडतूस घ्यावें, हें ज्ञान प्रत्येक बंदूकधारी शेतकऱ्यानें मिळविलें पाहिजे. खरी बचत त्या ज्ञानांतच आहे.

काडतूस ही दिसावयास साधी वस्तु आहे. पुंगळी, तिच्या बुडाशीं टोपी, टोपीपुढें दारू, दारूपुढें बोळा व बोळ्यापुढें छरे किंवा गोळी, एवढाच तिचा पसारा. परंतु या पांचांपैकीं प्रत्येक जिन्नस इतर चारांशीं जुळवून ठरविलेला असतो. टोपी अधिक तीव्र असली, बोळा अधिक घट्ट बसला किंवा छऱ्यांचें वजन वाढलें, तर दारू तितकीच असूनही नळींतील दाब वाढतो. कारण दारू जितकी कोंडावी तितकी ती अधिक वेगानें जळते. बारा बोअरच्या साध्या काडतुसाकरितां युरोपांत ठरविलेली दाबाची कमाल मर्यादा ७४० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सातशें पटींहून अधिक आहे. आणि हा दाब बार काढणाऱ्याच्या डाव्या हाताजवळ व डोळ्यांपासून हातभर अंतराच्या आंत उत्पन्न होतो.

पूर्वींचे शिकारी काडतुसें घरींच भरीत असत, असें कोणी म्हणेल. आणि तें खोटें नाहीं. परंतु त्यांची दारू सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू होती. १८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केल्यावर ही सर्व रीत पालटली. नव्या दारूचें बळ वजनास वजन काळ्या दारूच्या सुमारें तिप्पट आहे. त्यामुळें जें माप काळ्या दारूस योग्य, तेंच माप नव्या दारूनें भरलें तर नळी फुटण्याचा संभव फार. अमेरिकेंत अनेक लोक आजही काडतुसें घरीं भरतात, हें खरें. परंतु तेथें दारू बनविणाऱ्या कंपन्या प्रत्येक जातीच्या दारूचें, टोपीचें व पुंगळीचें कोष्टक छापून देतात, आणि भरणारा मनुष्य सूक्ष्म तराजूवर प्रत्येक वजन पडताळून पाहतो. आपल्याकडे तें कोष्टक नाहीं, तो तराजू नाहीं, व ती दारूही नाहीं. मग कोणी फटाके फोडून त्यांतील मसाला काढतो, कोणी काडेपेटीचा गूल खरवडतो. गुलांत पोटॅशियम क्लोरेट असतें व तें नुसत्या घर्षणानेंही पेट घेतें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत दारूगोळ्याच्या व्याख्येंत काडतुसाचे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणें दारूगोळा बनविण्यास स्वतंत्र परवाना लागतो. पीक राखणीचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, काडतुसें बनविण्याचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चें उल्लंघन करून दारूगोळा बनविणाऱ्यास कमींत कमी सात वर्षें व जास्तींत जास्त जन्मठेप अशी शिक्षा सांगितली आहे. चार काडतुसांच्या बचतीकरितां घराचा कर्ता पुरुष तुरुंगांत जावा, हा व्यवहार कोणता शेतकरी मान्य करील?

येथें ठासणीच्या बंदुकीचा विचार करणें प्राप्त आहे. कारण तिच्या धन्यास प्रत्येक बार स्वतःच भरावा लागतो. त्यानें पुढील नियम मोडूं नयेत. ठासणींत काळ्या दारूशिवाय दुसरी दारू कधींही घालूं नये. माप एकच ठेवावें, व तें जाणत्या बंदूक-कारागिराकडून त्या नळीपुरतें ठरवून घ्यावें. दारूच्या भांड्यांतून थेट नळींत दारू ओतूं नये; आंत ठिणगी राहिली असल्यास सारें भांडें पेटतें. गोळी दारूवर टेंकेपर्यंत गजानें खालीं न्यावी. मध्यें पोकळी राहिल्यास नळी फुटते. भरलेली बंदूक घरांत टांगून ठेवूं नये. आणखी एक सूचना अशी कीं, कलम १३ मध्यें पीक राखणीकरितां ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला असला, तरी ती पुरेशी नाहीं अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची त्याच कलमांत तरतूद आहे. ज्यांच्या शेताला रानडुकरांचा खरोखर उपद्रव आहे, त्यांनीं पुराव्यासह ही मागणी अवश्य करावी.

आतां निवडीविषयीं. छऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छरा बारीक, हें प्रथम ध्यानांत धरावें. सहा नंबरचे छरे एका औंसांत सुमारें २७० भरतात, एस. जी. जातीचे आठ व एल. जी. जातीचे सहाच. म्हणजे एस. जी. चा एक छरा सहा नंबरच्या सुमारें चौतीस छऱ्यांइतका जड असतो. पांखरांकरितां बनविलेले बारीक छरे रानडुकरावर झाडणें ही चूक सर्वांत अधिक घडते. त्यानें डुक्कर मरत नाहीं. तें जखमी होऊन झुडपांत शिरतें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं गवत कापावयास आलेल्या मजुरावर उलटतें. डुकरास एस. जी. किंवा एल. जी. च पाहिजे, व तेंही तीस पावलांच्या आंत. अखंड गोळी घ्यावयाची असेल, तर आपल्या नळीचें तोंड आवळतें आहे कीं सरळ, हें विचारून त्यास योग्य अशीच गोळी घ्यावी.

जड छऱ्यास दुसरी बाजूही आहे. सहा नंबरचा छरा सुमारें दोनशें मीटर जातो, एस. जी. सहाशें मीटरांपलीकडे पोंचूं शकतो, आणि अखंड गोळी एक किलोमीटरच्याही पुढें. इतक्या अंतरांत शेजाऱ्याची खोप, वस्ती किंवा रात्रीं पाणी देणारा गडी असतोच. म्हणून जमिनीवर उभें राहून आडवा बार कधीं काढूं नये. माळ्यावर बसून खालीं नेम धरावा, म्हणजे चुकलेली गोळी आपल्याच मातींत रुतते.

काडतूस विकत घेतांना बोअर व लांबी हीं दोन्हीं पाहावीं. जुन्या दुनळींत काडतूस बसण्याचें घर पुष्कळदां ६५ मिलिमीटरांचें असतें. तींत ७० मिलिमीटरांचें काडतूस बसतें खरें, पण उडतांना त्याचें तोंड पूर्ण उघडत नाहीं व दाब वाढतो. वीस बोअरचें काडतूस बारा बोअरच्या नळींत घसरून पुढें अडकतें, व मागून बारा बोअरचें घालून बार काढल्यास नळीच्या चिंधड्या होतात. याच कारणानें वीस बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याची रीत पडली आहे. काडतुसें थोडीं घ्यावीं, कोरड्या डब्यांत कुलुपाखालीं ठेवावीं, व जुनीं आधीं वापरावीं. चाप ओढूनही बार उडाला नाहीं, तर नळी निर्धोक दिशेस धरून अर्धा मिनिट थांबावें. आवाज नेहमींपेक्षां फुसका आला, तर नळी रिकामी करून तींतून आरपार पाहिल्याशिवाय दुसरें काडतूस घालूं नये.

बंदुकीच्या परवान्यानें जनावर मारण्याची परवानगी मिळत नाहीं, हेंही विसरतां कामा नये. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचींत आहे. उभ्या पिकाचा नाश होत असल्यास कलम ११ प्रमाणें वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधीं घ्यावी लागते.

इतका उपदेश केल्यावर शेतकऱ्याची अडचण तशीच ठेवून उठणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मनुष्य पुंगळी भरावयास बसतो तो हौसेनें नव्हे. वेळेवर चांगलें काडतूस मिळत नाहीं म्हणून. बारा बोअरचीं काडतुसें आपल्याच महाराष्ट्रांत, १८६९ सालीं स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्यांत तयार होतात. मग तीं तालुक्याच्या शेतकऱ्यास दुर्मिळ कां व्हावीं? हें काम एकट्यादुकट्याच्या अर्जानें होणार नाहीं. प्रत्येक तालुक्यांतील सभासदांनीं आपल्या परवानेदार शेतकऱ्यांची यादी करावी, हंगामापूर्वीं लागणाऱ्या काडतुसांची जात व संख्या ठरवावी, परवानेदार विक्रेत्याकडे एकत्र मागणी नोंदवावी, आणि वनखात्याकडील अर्जही त्याच वेळीं दाखल करावेत. राखणीच्या पाळ्या लावून नेमबाजी शिकलेल्या एकाच्याच हातीं बंदूक दिली, तर दहा फुकट बारांऐवजीं एक नेमका बार पुरेल. मात्र परवाना ज्याच्या नांवाचा, बंदूक त्याच्याच हातांत असावी. म्हणून शिकावयाचें तेंही त्यानेंच.