नागोयाचा माग आणि वाशीमचे गॅरेज

मोटार कंपनीचे संग्रहालय पाहायला गेलेल्या माणसाला दारातच काय दिसावे? एखादी चकचकीत गाडी, अशीच कुणाचीही समजूत असेल. जपानमधील नागोया शहरात टोयोटा समूहाने 1994 साली उघडलेल्या संग्रहालयात मात्र प्रथम दिसतो तो एक प्रचंड गोल माग. कापड विणणारा! पुढच्या दालनातही कापूसच. तेथील कर्मचारी कापूस हातात घेऊन पाहुण्यांसमोर त्याचा धागा काढून दाखवतात. मग हातमाग, यंत्रमाग. मोटारींची पाळी त्यानंतर येते. जागाही कापडाचीच आहे. साकिची टोयोडा यांनी 1911 साली विणकामाचा कारखाना काढला तो इथेच.

कारंजा-मंगरूळपीरकडे कापसाच्या गाड्या पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे दालन परके वाटणार नाही. पण एक प्रश्न त्याला सतावल्याशिवाय राहणार नाही. कापूस आपल्याकडेही आहे, कारागीरही आहेत. मग मागापासून मोटारीपर्यंतचा रस्ता त्यांना कसा सापडला आणि आपण मागेच का राहिलो?

साकिची हे सुताराचे पुत्र. त्यांनी लाकडी हातमागात सुधारणा केली व 1891 साली तिचे पेटंट घेतले. 1910 साली तर स्वतःच्या नावाच्या कंपनीतून त्यांना बाहेर पडावे लागले. पण त्यांनी काम सोडले नाही. 1924 साली त्यांचा स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटला की हा माग आपोआप थांबे. म्हणजे खराब कापड विणलेच जात नसे आणि एकेका मागावर एकेक माणूस डोळे लावून बसण्याची गरज उरली नाही. या मागाचे हक्क 1929 साली प्लॅट ब्रदर्स या इंग्रज कंपनीने घेतले. ठरलेली किंमत होती एक लाख पौंड. ज्या इंग्लंडची यंत्रे जगभर जात, त्या इंग्लंडने एका जपानी सुताराच्या मुलाची विद्या विकत घेतली.

त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी 1933 साली मागांच्याच कारखान्यात मोटारीचा विभाग काढला. त्यांनी अमेरिकन शेवरलेट आणून तिचा नट न् नट सुटा केला. 1935 साली ट्रक निघाला, तोही वारंवार बिघडणारा! पण बिघाड झाला की कारण शोधायचे, ते लिहून ठेवायचे आणि पुन्हा तीच चूक होऊ द्यायची नाही, हा मागाचा धडा त्यांनी मोटारीला लावला. 1937 साली मोटारीची स्वतंत्र कंपनी उभी राहिली.

यावर कुणी म्हणेल, नुसत्या हुनराने हे झाले नाही. खरे आहे. जपान सरकारने 1936 साली कायदा करून देशी मोटारधंद्याला अमेरिकन कंपन्यांपासून संरक्षण दिले होते. तेव्हा सरकारचा हात लागतोच. पण ज्याच्या हाती दाखवण्याजोगे काही नाही, त्याला सरकार तरी कशाचा आधार देणार?

टोयोटा भारतात आली तीही याच क्रमाने. किर्लोस्करांबरोबर 1995 साली सूतकताईच्या यंत्रांची कंपनी निघाली आणि 1997 साली मोटारींची. किर्लोस्करांची सुरुवात तरी कुठली? 1888 साली बेळगावात काढलेले सायकलचे दुकान! आता याच टोयोटा किर्लोस्करने 31 जुलै 2024 रोजी महाराष्ट्र सरकारशी करार केला आहे. छत्रपती संभाजीनगरला सुमारे 20 हजार कोटी रुपयांचा कारखाना घालण्याचा हा करार असून तेथे विजेवर चालणाऱ्या व हायब्रीड गाड्यांचा बेत आहे. आपल्या जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग थेट तिकडे जातो. या रस्त्याने वाशीमची मुले जातील ती हुनर घेऊन, की केवळ फाटकावर उभे राहण्यासाठी?

वाशीम, रिसोड, कारंजा, कुठल्याही स्टँडजवळच्या गॅरेजात जा. दहा-बारा वर्षांचा असताना हाती पाना घेतलेला उस्ताद तिथे भेटेल. कार्बोरेटरचा दोष तो नुसत्या आवाजावरून सांगतो. त्याच्या हुनराबद्दल शंका नाही. पण ते सगळे त्याच्या कानात आणि बोटांत आहे. वहीत एक ओळ नाही. शागीर्द पाहून पाहून शिकतो, अर्धे शिकतो, आणि उस्तादाबरोबर उरलेले अर्धे जाते. त्यात एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. नव्या दुचाकीत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, दोष स्कॅनरवर दिसू लागला. विजेच्या गाडीत तर इंजिनच नाही. कान कितीही तयार असला तरी तो काय ऐकणार?

म्हणून तीन गोष्टी आजच सुरू कराव्यात, असे आमचे मत आहे. प्रत्येक गॅरेजात एक वही असावी. गाडी कोणती, दोष कोणता, कारण काय निघाले, हे शागीर्दाने रोज लिहावे. दुसरे, मुलाला गॅरेजात जरूर पाठवा, पण दहावी करून आयटीआयमध्येही घाला. जे हाताने शिकून बसले आहेत त्यांनी सरकारच्या कौशल्य योजनेत परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे. अनुभवी कारागिरांसाठी तशी सोय आहे. तिसरे, एकेकट्याला महागडा स्कॅनर परवडत नसेल तर चार-पाच मिस्त्रींनी मिळून घ्यावा. एकाच ओळीत दुकाने असताना एवढा एकोपा जमू नये काय?

धागा तुटला तर माग थांबवायचा, कारण शोधायचे, मग पुढे विणायचे. सुताराच्या मुलाने नागोयात एवढेच केले. आपल्याकडे उस्ताद आणि शागीर्द यांच्यामधला धागा तुटत आला आहे. आपण थांबून तो जोडणार, की तसेच विणत राहणार?