अण्णा नाईक वाईट होता, म्हणून काय झालं?

फेब्रुवारी 2016 मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मरणानं. 14 जानेवारी 2019 ला दुसरं पर्व आलं, तेव्हा तेच अण्णा धडधाकट उभे होते. गोष्ट मागे गेली होती. आधीचं नंतर सांगायच्या या प्रकाराला आता सगळेच प्रीक्वेल म्हणतात आणि लालबागमध्येही तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. समजावून सांगावी लागते ती दुसरीच गोष्ट. बायकांवर नजर ठेवणारा, जमिनी बळकावणारा, बायकोला पायपुसण्याइतकीही किंमत न देणारा आणि वेळ पडली तर माणूस मारून मोकळा होणारा हा म्हातारा ऑगस्ट 2020 पर्यंत रात्री साडेदहाला घराघरात आला आणि लोकांनी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला. तो का?

लालबाग-परळमध्ये ही मालिका बघणं आणि पुण्यात बघणं यात फरक आहे. गिरण्यांच्या काळापासून इथल्या चाळींत कुडाळ, मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ल्याची माणसं गावाच्या नावानं घेतलेल्या खोल्यांत राहिली. गावी मनिऑर्डर आणि गणपतीला स्वतः, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे नाईकांचा वाडा त्यांना नेपथ्य वाटलाच नाही. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात चालायचं आणि पुढे तर मे महिन्यात गावी गेलेले चाकरमानी मुद्दाम वाट वाकडी करून तो वाडा बघायला आणि तिथे फोटो काढायला जायला लागले. आमच्या मजल्यावरच्या काकी मूळच्या कुडाळच्या. अण्णा पडद्यावर आले की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "आमच्या वाडीत पण असोच एक होतो, मेलो." एवढं बोलून झालं की हातातला लसूण सोलणं थांबायचं आणि जाहिरात लागेपर्यंत नजर हलायची नाही.

पहिल्या पर्वाच्या वेळी वातावरण वेगळं होतं. ही मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते, कोकणाची बदनामी करते, असे आक्षेप घेतले गेले होते. त्यातल्या बदनामीच्या आक्षेपामागचं दुखणं मला समजतं. 1980 साली 'वस्त्रहरण' आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला मुंबईच्या रंगभूमीवर मानाचं पान वाढलं, पण ते हास्याच्या पंगतीत. त्यानंतर मालवणी बोलणारा माणूस रंगमंचावर आला की प्रेक्षक आधीच हसायला तयार. माधव अभ्यंकरांच्या अण्णानं ही सवय मोडली. हा माणूस मालवणीत बोलायचा आणि घरातली पोरं भिंतीला चिकटायची. विनोदाची बाजू पांडूनं सांभाळली, आणि तो पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकरच मालिकेचे संवाद लिहीत होते. अण्णाला मात्र त्यांनी हसू दिलं नाही, हे त्यांचं मोठं काम.

आता जरा दादरला, माझ्या भाच्याकडे. त्याला मराठी मालिका दाखवल्या तर तो उठून जातो. त्याचा जीव अंतराळयानांत. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' त्याला जवळपास पाठ आहे. माणसानंच घडवलेली यंत्रं उलटतात, बारा ग्रहांवरची वस्ती एका फटक्यात संपते आणि उरलेली जेमतेम पन्नास हजार माणसं जहाजांतून पळत सुटतात, अशी ती गोष्ट. तिचीही आधीची गोष्ट नंतर आली. 'कॅप्रिका', जानेवारी 2010. विनाशाच्या 58 वर्षं आधीचं सुखवस्तू शहर. डॅनियल ग्रेस्टोन नावाच्या बड्या उद्योगपतीची मुलगी रेल्वेतल्या बॉम्बस्फोटात मरते. तिनं संगणकात मागे ठेवलेली स्वतःची हुबेहूब प्रत हा बाप यंत्रमानवात घालू बघतो आणि त्यातून पुढचं सगळं रामायण घडतं. कल्पना जबरदस्त. पण प्रेक्षकांची तक्रार एकच होती, आणि ती भाच्यानं माझ्यापाशी जशीच्या तशी केली, "आत्या, यात एक माणूस धड नाही गं. बघायचं कुणाकडे?" बाप अहंकारी, मुलगी आढ्यताखोर, शिक्षिका धर्मवेडी, वकील गुंडांच्या दावणीला बांधलेला. मालिका त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुंडाळली गेली. उरलेले पाच भाग अमेरिकेत जानेवारी 2011 मध्ये एकाच दिवशी दाखवून टाकले.

ही तक्रार मला पटत नाही. 'गॅलॅक्टिका'त तरी धड कोण होतं? कर्नल टाय सकाळपासून पिणारा. बाल्टर तर असा की एका बाईच्या नादानं त्यानं मानवजातीच्या संरक्षणाच्या किल्ल्या शत्रूच्या हाती दिल्या. तरी लोकांना तो हवाहवासा वाटला. म्हणजे माणसं वाईट असल्यानं प्रेक्षक पळत नाही.

माझा अंदाज असा, की वाईट माणूस बघताना आपल्याला त्याची वसुली कुठे होणार हे ठाऊक असावं लागतं. अण्णा तोंड उघडायच्या आधीच आपण त्याचे दिवस घातलेले बघितले होते. त्यामुळे तो परसात माजोरीपणानं फिरला तरी पोटात गोळा यायचा नाही. फिर बाबा, किती फिरशील ते ठाऊक आहे आम्हाला. 'कॅप्रिका'तही अंत ठाऊक होता, पण तो शहराचा. तोसुद्धा अठ्ठावन्न वर्षं लांब. ग्रेस्टोनच्या पापाचा दंड त्याच्या नातवंडांच्या पिढीनं भरायचा, मग त्याच्याकडे आत्ता कुठल्या भरवशावर बघत बसायचं? दोन मालिकांना जोडणारा एक चिमुरडा होता, विल्यम अडामा. हाच पुढे गॅलॅक्टिकाचा सेनापती होणार म्हणून प्रेक्षक त्याला धरून होते. शेवटी तो मुलगाच मरतो. सेनापती निघतो त्याच्या पश्चात जन्मलेला आणि त्याचं नाव मिळालेला भाऊ. लेखकांना ही मोठी करामत वाटली असणार. मला वाटतं, प्रेक्षकाच्या हातातला एकुलता धागा त्यांनी स्वतःच तोडला.

आपल्याकडे हे शहाणपण दशावतारात कधीचंच मुरलेलं आहे. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येतो. अंगभर काळा वेश, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद पळवणारा राक्षस, पण मालवणीत अशा कोपरखळ्या मारतो की पोरं पुढे सरकून बसतात. विष्णू त्याला मारणार, हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणूनच तर त्याचं सगळं ऐकून घेता येतं. पुढे आख्यानातला राक्षस किंकाळी फोडत येतो तेव्हाही तेच. गावच्या जत्रेत रात्रभर, किंवा 2023 मध्ये परळचं दामोदर नाट्यगृह बंद होईपर्यंत मंडळी मुंबईत आली की तिथे, लोक राक्षसाचं काम चांगलं झालं का हे आधी विचारतात. देव कोण झाला होता, ते बहुतेकदा आठवतही नाही. अण्णा नाईक त्याच मांडवातून आला, एवढंच की त्याच्या तोंडाला रंग नव्हता.

पण दुसऱ्या पर्वानं केलेली खरी करामत अण्णाच्या बाबतीतली नव्हती. 2016 मध्ये न आवडणारी माणसं होती ती त्याची मुलं आणि सून. घुमा, तापट दत्ता; वाटणीवर डोळा ठेवून जिभेची धार चालवणारी सरिता; सतत करवादलेली विधवा छाया. बाप मेला आणि यांना इस्टेट सुचते, असं आमच्या मजल्यावर सर्रास बोललं जायचं. दुसऱ्या पर्वात ती मुलं बापाच्या हाताखाली दिसली आणि काकींनी छायाला शिव्या देणं बंद केलं. "बापाशीन असा केल्यार पोरां दुसरी कशी निपजतली?" हे त्यांचं समीक्षण. शकुंतला नरे यांच्या माईचंही तसंच. पहिल्या वेळी सोशिकपणानं वैताग आणणारी ही बाई दुसऱ्या वेळी बघितली की कळायचं, घर तिच्यामुळे उभं राहिलं होतं. पुढचं आधी बघितलं म्हणून मागचं उमगलं. गोष्ट सरळ क्रमानं सांगितली असती तर ही माफी मिळाली नसती.

एक गोष्ट मात्र मला खुपते. अण्णाला वसुली ठरलेली म्हणून सगळे लाड मिळाले. शेवंताला? पाटणकरांची ही बायको म्हणजे अण्णाच्या भानगडीतली दुसरी बाजू, तिचाही शेवट ठरलेला. अपूर्वा नेमळेकरनं तिच्यात मोह, हाव आणि एकटेपणा असं काही कालवलं होतं की डोळा काढवत नसे. लोक तिच्यावरही फिदा झाले, पण त्या फिदा होण्याला एक घाण वास होता. अण्णाबद्दल बोलताना पुरुष हसून टाळी देत, तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. ज्या बायका अण्णाच्या रुबाबाचं कौतुक करत, त्याच हिच्या पदरावरून नाक मुरडत. पुढे नेमळेकरनं तिसरं पर्व मध्येच सोडलं, तेव्हा वजनावरून झालेल्या टिंगलीबद्दल तिनं जाहीरपणे लिहिलं होतं. अण्णाचं पोट कुणी कधी मोजलेलं मला आठवत नाही. राक्षस आवडून घेण्याची आपली परंपरा जुनी खरी, पण राक्षसीण आवडून घ्यायला आपण अजून शिकलेलो नाही.

तिसरं पर्व मार्च 2021 मध्ये आलं. त्यात गोष्ट पुढे सरकली आणि अण्णा-शेवंता मेल्यावरही वाड्यात वावरू लागले. इथे गणित फिसकटलं. ज्याची वसुली झालेली आपण डोळ्यांनी बघितली, तो रोज रात्री नव्यानं दारात उभा राहतो म्हटल्यावर त्याच्या वाईटपणाला मोजमापच उरलं नाही. नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली, अभ्यंकर तितक्याच ताकदीनं उभे राहिले, पण आमच्या मजल्यावर दाराबाहेर गप्पा रंगेनात. काकी तर महिन्याभरात बातम्यांकडे वळल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मेल्याचो बारावो झालो मा एकदा? मग आता तेका कित्याक बघूचा?"