पुण्याचा बुडालेला फुटबॉल आणि तीन वर्षांचे स्वप्न

१/ मार्च २०१८. बालेवाडीत एफसी पुणे सिटीचा बंगळुरूविरुद्ध उपांत्य सामना. आम्ही तिघे मित्र नगरहून एसटीने गेलो होतो. सामना गोलशून्य सुटला, परतीच्या लढतीत पुणे हरले. तरीही ‘पुढच्या वर्षी’ म्हणत आम्ही आनंदात होतो. २०१९ मध्ये तो क्लबच उरला नाही.

२/ आज पुन्हा ‘पुण्याला क्लब हवा’ अशी मागणी होते. मागणी रास्त आहे. मात्र तिच्यासोबत येणारी अपेक्षा मला धोकादायक वाटते: तीन वर्षांत आयएसएल, एखादा परदेशी तारा, भरलेले स्टेडियम. या अपेक्षेचा इतिहास पाहू. थ्रेड मोठा आहे, धीराने वाचावा.

३/ आधी पुण्याचा हिशेब. पुणे एफसी, स्थापना २००७, मालक अशोक पिरामल समूह. २०१२-१३ मध्ये आय-लीगचे उपविजेतेपद. २०१४-१५ नंतर मुख्य संघ बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये संपला. पाच वर्षांच्या आत एकाच शहरातून चार क्लब गेले.

४/ यातले काही क्लब कर्जाने गेले, काही मालकाने हात आखडता घेतल्याने. चौघांत समान गोष्ट एकच: प्रत्येकाचा प्राण एका उद्योगसमूहाच्या ताळेबंदात होता. मुंबईचा महिंद्रा युनायटेड आठवा. २००५-०६ चा राष्ट्रीय लीगविजेता हा संघ २०१० मध्ये मालक कंपनीच्या निर्णयाने विसर्जित झाला. तिथे कंपनी बुडालेली नव्हती, फक्त तिचा निर्णय बदलला होता.

५/ पुण्याच्या रिकाम्या जागेचे पुढे काय झाले, हे त्याहून बोलके आहे. ती जागा हैदराबाद एफसीला मिळाली. २०२१-२२ मध्ये हा संघ आयएसएल विजेता ठरला. दोन वर्षांच्या आत वेतन थकले, खेळाडू निघून गेले, संघ तळाला गेला. २०२५ मध्ये तो दिल्लीला हलला. जागा तीच, शहरे तीन. करंडक आला, पण मूळ धरले गेले नाही.

६/ यावर नेहमीचे उत्तर असते: ‘इटलीतला पार्मा पाहा!’ खरे आहे. २०१५ मध्ये दिवाळखोर झालेला पार्मा चौथ्या श्रेणीतून सलग तीन बढत्या घेत २०१८ मध्ये सर्वोच्च श्रेणीत परतला. पण त्याच्यामागे गावातलेच उद्योजक होते, भागभांडवल घेणारे चाहते होते आणि पिढ्यान् पिढ्यांचा प्रेक्षक होता. अपवादाला वेळापत्रक मानणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळावी अशी पहिली चूक.

७/ स्कॉटलंडच्या रेंजर्सचे उदाहरण अधिक शहाणे करणारे आहे. २०१२ मध्ये कंपनी अवसायनात निघाली आणि क्लबला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. प्रेक्षक अफाट होते, आणि अपेक्षाही. खालच्या श्रेणीत खेळत असतानाही खर्च वरच्या श्रेणीसारखा होत राहिला, तोटा वाढला. २०१५ मध्ये बढती हुकली. सर्वोच्च श्रेणीत परतायला चार वर्षे लागली, विजेतेपदाला २०२१ उजाडले.

८/ आपल्या शेजारच्या गोव्यात धेंपो आहे, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी लीगच्या नव्या रचनेला विरोध करत आय-लीग सोडली. इथे दिवाळखोरी नव्हती, तरी धेंपोला त्या लीगमध्ये परतायला २०२४ उजाडले. मधल्या काळात तो गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला. मुळे शाबूत असलेल्या क्लबाला आठ वर्षे लागली, तर शून्यातून उभ्या राहणाऱ्याने तीन वर्षांची मुदत कोणत्या आधारावर मागावी?

९/ आता आमच्या नगर जिल्ह्याकडे या. लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५० मध्ये झाले. त्याआधीची वर्षे गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करण्यात गेली. म्हणजे चिमणीतून धूर निघण्यापूर्वी सभासद तयार झाला होता.

१०/ सहकार हा रामबाण नव्हे. सहकारी कारखानेही डबघाईला येतात, हे राज्याने पाहिले आहे. फरक इतकाच की तिथे ‘आमचे बुडाले’ म्हणणारा आणि वार्षिक सभेत जाब विचारण्याचा हक्क असणारा माणूस असतो. पुण्याचे क्लब गेले तेव्हा आम्हा प्रेक्षकांजवळ फक्त जर्सी उरली. हक्क आमच्याकडे कधी नव्हताच.

११/ इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ दुसऱ्या शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला आणि नवव्या श्रेणीतून सुरुवात केली. फुटबॉल लीग गाठायला २०११ साल उजाडले. तो क्लब आजही चाहत्यांच्या हाती आहे.

१२/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पुण्यात किंवा नगरमध्ये उद्या क्लब उभा राहिला, तर त्याला पहिली पाच वर्षे तीनच प्रश्न विचारावेत. वेतन वेळेवर मिळते का? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा संघ नियमित खेळतो का? हिशेब सभासदांसमोर येतो का? करंडकाचा प्रश्न सहाव्या वर्षी.

१३/ हे रटाळ वाटेल, मान्य आहे. पण क्लब मिटतो तेव्हा तारा दुसरीकडे करार करतो आणि मालक दुसरा धंदा पाहतो. अकादमीतला पंधरा वर्षांचा मुलगा मात्र वर्ष गमावून घरी परततो. आपली घाई त्याच्या खात्यावर मांडली जाते. पुढच्या वेळी ‘पुढच्या वर्षी’ म्हणण्याआधी त्याचा विचार करू. (समाप्त)